मिळत नसलेल्या पार्टवर नजर ठेवायची तर टूल कुठलं घ्यायचं

घरचा छोटा सर्व्हर नव्याने बांधायचा होता आणि त्यात दोन गोष्टींवर मी तडजोड करणार नव्हते, एक म्हणजे एएसरॉक रॅकचा एक्स५७०डी४आय-२टी हा मिनी-आयटीएक्स (अगदी लहान आकाराचा) मदरबोर्ड आणि दुसरी म्हणजे त्यात बसणारी ईसीसी रॅम, म्हणजे स्वतःच्या चुका पकडून सुधारणारी मेमरी. ज्यांनी हा बोर्ड बघितलाय त्यांना हाच का ते सांगायला नको, तळहाताएवढ्या जागेत १० गिगाबिटचे दोन नेटवर्क पोर्ट, मॉनिटर न जोडता लांबून चालू-बंद करायची सोय, आणि प्रोसेसर एएमडीच्या साध्या एएम४ सॉकेटचा. पण जागा वाचवायला त्याला लॅपटॉपसारखे एसओ-डिमचे स्लॉट दिलेत, म्हणजे रॅम एसओ-डिम हवी, डीडीआर४ पिढीची हवी, ईसीसी हवी आणि अनबफर्ड (मध्ये रजिस्टर चिप नसलेली) हवी. चारही अटी एकत्र बसणारी रॅम फार थोड्या कंपन्या काढतात आणि दुकानं ती मोजकीच मागवतात. बोर्डाचं तर त्याहून अवघड, कुठे दिसला तर एखाद-दुसरा पीस, नाहीतर पेज आहे, फोटो आहे, आणि खाली राखाडी अक्षरात आउट ऑफ स्टॉक.

त्याच वर्षी माझ्या मावसभावाला एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०८० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. ते कार्ड ३० जानेवारी २०२५ ला आलं आणि आलं तसं गायब झालं. आम्ही दोघं एकच टूल शोधत होतो, एकदा सेट केलं की त्याचंही काम होईल आणि माझंही. शोधता शोधता लक्षात आलं की आमच्या दोघांच्या टंचाया वेगवेगळ्या जातीच्या आहेत आणि टूल निवडायचा प्रश्न खरं तर तिथूनच सुरू होतो, कुठलं टूल भारी या प्रश्नापासून नाही.

त्याची टंचाई म्हणजे लाँचची टंचाई. याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०२० चं. १७ सप्टेंबर २०२० ला आरटीएक्स ३०८० विक्रीला आलं आणि काही मिनिटांत सगळीकडून संपलं, नोव्हेंबरमध्ये एएमडीचे रायझन ५००० प्रोसेसर आणि रेडिऑन आरएक्स ६८०० एक्सटी कार्ड आले त्यांचंही तेच झालं. एकीकडे घरून काम करणाऱ्यांची मागणी, दुसरीकडे चिप्सचा तुटवडा, त्यात ग्राफिक्स कार्डांवर इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग करणारे, आणि बॉट लावून उचलून चढ्या भावाने विकणारे स्कॅल्पर. मायनिंगचा हिस्सा १५ सप्टेंबर २०२२ ला संपला, कारण त्या दिवशी इथेरियमने ग्राफिक्स कार्डवरचं मायनिंगच बंद करून दुसरी पद्धत घेतली. आज जी स्टॉक ट्रॅकिंगची टूलं आपण वापरतो त्यातली बरीच त्याच काळात वर आली. स्ट्रीटमर्चंट नावाचं ओपन सोर्स टूल आहे, ते सुरुवातीला एनव्हिडिया-स्नॅचर म्हणून सुरू झालं, ३०८० च्याच गडबडीत. या जातीच्या टंचाईत माल येतो तेव्हा मिनिटांचा खेळ असतो, कधीकधी सेकंदांचा.

माझी टंचाई संथ. माल येतो तो महिन्यातून कधीतरी, एखाद्या कोपऱ्यातल्या दुकानात, आणि आला की दोन दिवस पडूनही राहतो कारण घेणारेच मोजके. इथे वेगाला काही अर्थ नाही, इथे जास्तीत जास्त दुकानांवर लक्ष ठेवता येणं आणि महिनोन्महिने न थकता बघत राहणं महत्त्वाचं.

हा फरक आकड्यात बघितला की डोक्यात पक्का बसतो. दर तासाला पेज बघणारं टूल माल आल्यापासून सरासरी अर्ध्या तासाने तुम्हाला सांगणार, वाईटात वाईट म्हणजे जवळजवळ तासाने. भावाच्या कार्डासाठी ते टूल असून नसल्यासारखं, माझ्या बोर्डासाठी तेच टूल पुरून उरेल. आणि बहुतेक सेवांचे फुकट प्लॅन याच एका गोष्टीवर हात आखडता घेतात, किती वेळाने चेक करणार यावर. म्हणून पैसे भरायच्या आधी स्वतःला विचारायचं की माझा पार्ट शेल्फवर किती वेळ टिकतो.

मग मी टूलांची यादी बाजूला ठेवली आणि ज्या दुकानांवर नजर ठेवायची होती त्यांची पेजं उघडून बसले. हे काम कंटाळवाणं वाटतं पण सगळ्यात जास्त उपयोग मला याचाच झाला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्रॉडक्टचं पेज उघडायचं आणि कंट्रोल-यू दाबायचं, म्हणजे पेजचा मूळ सोर्स दिसतो. त्यात अव्हेलेबिलिटी हा शब्द शोधायचा. बऱ्याच दुकानांच्या पेजमध्ये सर्च इंजिनांसाठी एक छोटा तुकडा लिहिलेला असतो, स्कीमा डॉट ऑर्गच्या ठरलेल्या पद्धतीने, त्यात प्रॉडक्टचं नाव, पार्ट नंबर, किंमत आणि अव्हेलेबिलिटी ओळीने असतं. अव्हेलेबिलिटीपुढे ठरावीक शब्दांपैकीच एक येतो, इनस्टॉक, आउटऑफस्टॉक, प्रीऑर्डर, बॅकऑर्डर, लिमिटेड अव्हेलेबिलिटी, डिसकंटिन्यूड असे. पेज कितीही रंगीत असो, बटणं कितीही हलवोत, हा एक शब्द बदलला की माल आला. म्हणजे ट्रॅकरला अख्खं पेज बघायला सांगायचीच गरज नाही, हा एवढा शब्द बघ म्हणायचं. फक्त एक खात्री करून घ्यायची, त्याच दुकानातलं संपलेलं एक प्रॉडक्ट आणि शिल्लक असलेलं एक प्रॉडक्ट अशी दोन्ही पेजं उघडून बघायची, कारण काही दुकानांच्या सोर्समध्ये हा शब्द कायम इनस्टॉकच असतो, कुणी तो अपडेट करायची तसदी घेतलेली नसते.

शॉपिफायवर चालणारं दुकान असेल तर आणखी सोपं, प्रॉडक्टच्या पत्त्याच्या शेवटी डॉट जेएस लावलं की साधा डेटा समोर येतो आणि त्यात अव्हेलेबल पुढे ट्रू किंवा फॉल्स असतं. वूकॉमर्सच्या दुकानांत स्टॉकच्या ओळीला सहसा इन-स्टॉक किंवा आउट-ऑफ-स्टॉक असा क्लास (पेजच्या कोडमधलं नाव) असतो, तोही पकडता येतो.

तिसरा प्रकार त्रासाचा. कंट्रोल-यू मध्ये काहीच सापडत नाही पण पेजवर मात्र स्टॉक दिसतो, म्हणजे ती माहिती पेज उघडल्यावर जावास्क्रिप्ट मागाहून आणतं. अशा पेजला साधं टूल लावलं तर त्याला रिकामी चौकट दिसते. तिथे आतून खरा ब्राउझर चालवणारं टूल लागतं, आणि ते जड असतं, मेमरी खातं, हळू चालतं. माझ्या यादीतल्या किती दुकानांना ब्राउझर लागतो आणि किती साध्या रिक्वेस्टवर भागतात हे कळल्यावर निम्मी टूलं आपोआप बाद झाली.

पार्ट नंबरचं सांगायलाच हवं. नावाने शोधू नका, पार्ट नंबरने शोधा. १६ जीबी ईसीसी एसओ-डिम असं टाकलं की हजार गोष्टी येतात, त्यात निम्म्या ईसीसी नसतातच, काही वेगळ्या पिढीच्या असतात, काहींच्या शीर्षकात सगळे शब्द कोंबलेले असतात. किंग्स्टनचा केएसएम३२एसईडी८/१६एचडी हा माझ्या उपयोगाचा नंबर होता, यातले ३२ म्हणजे ३२०० चा वेग, १६ म्हणजे जीबी, आणि शेवटचं एचडी म्हणजे आत हायनिक्स कंपनीच्या डी-डाय या आवृत्तीच्या चिप्स आहेत. ही शेवटची अक्षरं फार महत्त्वाची, कारण कंपनी आतल्या चिप्स बदलते तेव्हा नंबरचं शेपूट बदलतं आणि दुकान नव्या शेपटाचं नवं पेज काढतं. जुनं पेज तसंच राहतं, कायमचं आउट ऑफ स्टॉक, आणि तुम्ही इमानदारीत त्याच्यावर पहारा देत बसता. म्हणून मी पेजांबरोबर दुकानांच्या सर्च रिझल्टवरही वॉच लावला, शेपूट सोडून उरलेला नंबर टाकायचा आणि रिझल्टची संख्या बदलली की कळवायचं. प्रोसेसरचंही असंच आहे, एएमडीच्या नंबरात शेवटी डब्ल्यूओएफ असेल तर डब्यात पंखा येत नाही, ट्रेचा, म्हणजे डब्याशिवाय विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरचा, नंबर आणखी वेगळा असतो.

आता टूलं. मी एकेक करून वापरून बघितली, तीही एकाच पेजवर दोन-तीन टूलं एकदम लावून, म्हणजे कोण कधी सांगतं त्याची तुलना होते.

पहिलं अर्थातच दुकानाचं स्वतःचं नोटिफाय मी बटण. ते सगळीकडे भरून ठेवावं, काही जात नाही. पण त्याच्यावर विसंबू नये, कारण तो ईमेल कधी सुटेल हे त्या दुकानाच्या हातात, आणि पीस पाच आले तरी वाट बघणाऱ्या सगळ्यांना एकदम जातो. भावाला एका दुकानाचा असा ईमेल आला, त्याने दुसऱ्या मिनिटाला लिंक उघडली, आणि त्याचा मला फोन, "ताई, हे संपल्यावर कळवतात का गं?" त्याचा वैताग रास्त होता.

दुसरं म्हणजे तयार ट्रॅकर, जिथे दुसऱ्या कुणीतरी दुकानं आधीच जोडून ठेवलेली असतात. नाउइनस्टॉक जुनं आहे, हॉटस्टॉकचं ॲप आहे, युरोपात पार्टअलर्ट आहे, आणि डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर ग्रुप आहेत जिथे माल आल्याचे मेसेज बॉट टाकतात. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरची टंचाई होती तेव्हा आरपीआय लोकेटर या साइटने किती लोकांचं भलं केलं ते मी जवळून बघितलंय, जगभरातल्या अधिकृत विक्रेत्यांचा स्टॉक एका तक्त्यात आणि वर नव्या नोंदी आपोआप कळवणारं आरएसएस फीड, त्यामुळे शेकडो लोकांनी वेगवेगळं तेच पेज ठोकत बसायची गरज उरली नाही. लाँचच्या टंचाईला हेच सर्वात चांगलं असं माझं स्पष्ट मत आहे. लाखो लोकांना हवी असलेली वस्तू असेल तर तुमच्यापेक्षा जास्त वेगाने आणि जास्त नीट ती बघणारं कुणीतरी आधीच बसलेलं असतं. भावाला मी हेच सांगितलं, त्याला हव्या त्या मॉडेलपुरतेच अलर्ट चालू ठेवून बाकी सगळे बंद केले. माझ्या बोर्डासाठी मात्र असलं काहीच नव्हतं, तो कुणाच्याच यादीत नाही.

ॲमेझॉनसाठी कीपा आणि कॅमलकॅमलकॅमल, या तिथल्या किमतींचा इतिहास ठेवणाऱ्या साइट. यांचा खरा फायदा अलर्टपेक्षा जुन्या आलेखात आहे. कीपाच्या आलेखात ॲमेझॉन स्वतः विकत होतं ती रेघ वेगळी, बाहेरच्या विक्रेत्यांची वेगळी, वापरलेल्या मालाची वेगळी, त्यामुळे हा पार्ट शेवटचा खऱ्या किमतीला कधी होता आणि आता इन स्टॉक दिसतोय तो कोणाच्या जोरावर हे एका नजरेत कळतं. टंचाईच्या वस्तूला हे बघितल्याशिवाय इन स्टॉक या शब्दावर विश्वास ठेवूच नये, कारण तिप्पट भावाला विकणारा एकच विक्रेता असला तरी वस्तू इन स्टॉकच असते. म्हणून जिथे जमेल तिथे मी दोन अटी एकत्र लावल्या, माल हवा आणि किंमत मी ठरवलेल्या आकड्याच्या खाली हवी.

डिस्टिल हे ब्राउझरमध्ये बसणारं एक्स्टेंशन, सुरुवात करायला मी कुणालाही हेच सुचवेन. पेज उघडायचं, स्टॉकच्या ओळीवर क्लिक करून तेवढाच भाग निवडायचा, अट घालायची, झालं. यात दोन प्रकार आहेत, लोकल आणि क्लाउड. लोकल चेक तुमच्याच ब्राउझरमधून होतात, त्यामुळे खूप कमी अंतराने करता येतात आणि जावास्क्रिप्टची पेजंही नीट दिसतात, पण कॉम्प्युटर चालू आणि ब्राउझर उघडा पाहिजे. क्लाउड त्यांच्या सर्व्हरवरून, तुमचं मशीन बंद असलं तरी चालतं. व्हिज्युअलपिंग वेगळ्या विचाराचं, ते पेजच्या निवडलेल्या भागाचे फोटो काढून एकमेकांशी ताडून बघतं, कोडमधलं काही कळत नसलेल्या माणसालाही जमतं. पण दुकानाचं पेज सतत हलत असतं, बॅनर बदलतो, रिव्ह्यूचा आकडा वाढतो, म्हणून फोटोची चौकट अगदी स्टॉकच्या ओळीपुरतीच आवळावी लागते.

मी शेवटी स्थिरावले ते चेंजडिटेक्शन डॉट आयओ वर. ओपन सोर्स आहे, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या गरजांसकट एका डब्यात चालवायची सोय) उभं राहतं, आणि चोवीस तास चालू असणारं कुठलंही लहान मशीन असेल तर त्यावर चालतं. मला तीन कारणांनी आवडलं. एक, त्यात रीस्टॉक आणि किंमत बघायचा वेगळा मोडच आहे, पेज बदललं का यापेक्षा माल आला का हे तो बघतो. दोन, सोर्समधला तो अव्हेलेबिलिटीचा तुकडा थेट पकडायला जेसनचा (तो तुकडा ज्या रचनेत लिहिलेला असतो तिचा) फिल्टर देता येतो. तीन, साधी पेजं साध्या रिक्वेस्टने आणि फक्त हट्टी पेजं क्रोमच्या ब्राउझरने असं पेजागणिक ठरवता येतं, म्हणजे सगळा भार एकदम येत नाही. वर वॉच कितीही लावा, आणि मला तर तेच हवं होतं. ज्यांना डॉकर वगैरेत पडायचं नाही त्यांनी त्याच लोकांची पैसे भरून मिळणारी सेवा घ्यावी किंवा डिस्टिलवर थांबावं, उगाच सर्व्हर चालवायच्या भानगडीत पडू नये. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणं हाही पर्याय आहे, एका पेजसाठी पायथनच्या वीस-पंचवीस ओळी पुरतात, पण दुकानं वाढली की प्रत्येकाचे नखरे सांभाळण्यात वेळ जातो, आणि तयार टूलांनी ते आधीच सोसलेलं असतं.

खोट्या अलार्मवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो घालवावाच लागतो. लांडगा आला रे आला असं टूल दिवसातून चारदा ओरडायला लागलं की पाचव्यांदा आपण फोन उचलून बघत नाही, आणि नेमका तेव्हाच माल आलेला असतो. बहुतेक लोक अट अशी घालतात की आउट ऑफ स्टॉक हे शब्द पेजवरून गेले की कळव. ऐकायला बरोबर वाटतं. पण पेज लोड होताना एरर आली तरी ते शब्द जातात, दुकानाने मेंटेनन्सचं पेज लावलं तरी जातात, बॉट अडवणाऱ्या क्लाउडफ्लेअर सेवेचं तुम्ही माणूस आहात का विचारणारं पेज आलं तरी जातात. उलट अट घालायची, ॲड टू कार्ट हे शब्द आले तर कळव. पण तीही अख्ख्या पेजवर लावली तर खाली तुम्हाला हेही आवडेल म्हणून जी चार प्रॉडक्ट दाखवतात त्यांच्या बटणांवर तेच शब्द असतात, म्हणजे अलार्म पहिल्याच चेकला वाजणार. म्हणून आधी मुख्य प्रॉडक्टच्या डब्यापुरता सिलेक्टर (पेजचा कुठला भाग बघायचा ते टूलला सांगणारी खूण), आणि त्याच्या आत होकारार्थी अट. एवढं केल्यावर माझे खोटे अलार्म जवळजवळ बंदच झाले.

याची दुसरी बाजू जास्त घातक, ती म्हणजे शांतता. दुकानाने पेजची रचना बदलली की आपला सिलेक्टर काहीच पकडत नाही, टूल मुकाट बसतं आणि आपण समजतो माल आला नाही. म्हणून प्रत्येक दुकानासाठी मी एक जास्तीचा वॉच ठेवला, अशा वस्तूवर जी तिथे कायम शिल्लक असते, एखादी केबल वगैरे. त्याचा सिलेक्टर तोच. ती केबल इन स्टॉक दिसायची थांबली की समजायचं पेज बदललंय किंवा आपल्याला ब्लॉक केलंय. हा उपाय जरूर करा, पाच मिनिटांचं काम आहे.

ब्लॉकवरून आठवलं, वेगाचा हव्यास नको. दर पाच सेकंदाला पेज मागितलं तर दुकानाचा सर्व्हर ४२९ पाठवतो, म्हणजे फार रिक्वेस्ट झाल्या, आणि तरी थांबला नाहीत तर ४०३, म्हणजे दार बंद. काही ठिकाणी तर तुमच्या घरच्या आयपीवरून साधी खरेदीही अडते, म्हणजे माल आल्यावर नेमकं तुम्हालाच पेज उघडत नाही. शिवाय बऱ्याच साइट पेजची कॉपी काही वेळ कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतात, तेवढ्या वेळात कितीही वेळा मागा, तीच जुनी कॉपी मिळते. मी दुकानाप्रमाणे अंतर ठेवलं, मोठ्या साइटला थोडं कमी, छोट्या दुकानाला काही तासांनी एकदा, आणि वेळा थोड्या मागेपुढे विखुरल्या. छोट्या दुकानाचा सर्व्हर म्हणजे कुणाचीतरी रोजीरोटी, तिथे सभ्यपणानेच वागावं.

निरोप कुठल्या वाटेने येतो यालाही तेवढंच महत्त्व. ईमेल भावाच्या कामाचा नाही, तो टॅबमध्ये पडून राहतो. टेलिग्रामचा बॉट चांगला, डिस्कॉर्डही चांगलं, मी एनटीएफवाय (ntfy) हे फोनवर निरोप पाठवणारं टूल वापरते, ओपन सोर्स आहे आणि निरोपाला प्रायॉरिटी देता येते, सगळ्यात वरची दिली की फोन जोरात वाजतो. त्यात चॅनेलचं नाव ज्याला माहीत तो वाचू शकतो, म्हणून नाव कुणाला सुचणार नाही असं ठेवायचं. आणि ॲण्ड्रॉइड फोन असेल तर त्या ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळायचं, ॲण्ड्रॉइड ६ पासून फोन पडून असला की तो झोपी जातो आणि निरोप मागाहून ढिगाने येतात. सगळं जोडून झालं की शिल्लक असलेल्या एखाद्या वस्तूवर वॉच लावून एकदा खरोखर फोन वाजतो का ते बघायचं. निरोपात थेट प्रॉडक्टची लिंक हवी, दुकानात आधीच लॉगिन हवं, पत्ता भरलेला हवा.

आपोआप ऑर्डर टाकणारी टूलंही आहेत. ती मी घेतली नाहीत आणि भावालाही घेऊ दिली नाहीत. कार्डचे तपशील आणि पासवर्ड कुणाच्या तरी स्क्रिप्टच्या हवाली करायचे, दुकानाच्या नियमांत बसत नसेल तर ऑर्डर रद्द व्हायची टांगती तलवार, आणि मुख्य म्हणजे ज्या बॉटांमुळे साध्या माणसाला कार्ड मिळेनासं झालं त्याच रांगेत आपणही उभं राहायचं, हे मला पटत नाही. माझ्या दृष्टीने कळवणं टूलने करावं, विकत माणसाने घ्यावं. दुकानांनीही यावर उपाय काढले होते, ग्राफिक्स कार्ड काढणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने रांगेत नाव नोंदवायची सोय केली होती, न्यूएग या अमेरिकन ऑनलाइन दुकानाने २०२१ मध्ये शफल नावाची सोडत सुरू केली. जिथे अशी रांग किंवा सोडत असेल तिथे ट्रॅकरचा काही उपयोग नाही, सरळ नाव नोंदवावं.

भावाला कार्ड डिस्कॉर्डच्या अलर्टवरून मिळालं, एका दुपारी, छापील किमतीच्या आसपास, आणि त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा ते पेज परत आउट ऑफ स्टॉक झालेलं होतं. बोर्डाचं वेगळंच झालं. एका दुकानाचा शब्द आउटऑफस्टॉकवरून बॅकऑर्डर झाला, पेजवर दिसायला काहीच फरक नव्हता, बटणही तेच राखाडी. पण सोर्समधला शब्द बदललेला बघून मी दुकानाला ईमेल टाकला, त्यांनी सांगितलं की पुरवठादाराकडे ऑर्डर गेली आहे, नाव लिहून ठेवू का. नाव लिहिलं आणि बोर्ड आला. फक्त बटणावर नजर ठेवली असती तर हे कळलंच नसतं.

रॅम अजून अर्धीच मिळालीय. २०२५ संपता संपता मेमरीची टंचाई सगळीकडेच सुरू झाली, एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळला, डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल या ब्रँडचा ग्राहकांसाठीचा धंदा बंद करायचं जाहीर केलं, आणि डीडीआर४ तर तसाही जुन्या पिढीचा. त्यामुळे मी किमतीची अट थोडी वर सरकवली, वापरलेल्या सर्व्हर मालाच्या दुकानांवर नवे वॉच लावले, आणि बोर्डाचे सगळे वॉच पॉज केले, म्हणजे त्या दुकानांना माझ्या रिक्वेस्ट उगाच जात राहणार नाहीत. उरलेल्या दोन स्टिकसाठी शेपूट सोडून लावलेला सर्चचा वॉच अजून चालू आहे.